अक्काची जागा

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं चौथ्या दिवशी, नाहीतर पाचव्या. पाण्याच्या आधी नळातून नुसतीच हवा येते आणि त्या हवेला आवाज असतो. कधी घोरल्यासारखा, कधी कुणी फार लांबून हाक मारावी तसा. बाकीच्या बायका तेव्हा हंडे पुढे सरकवत असतात, नंबरावरून भांडत असतात. चांगुणाबाई मात्र गुडघ्यावर हात देत खाली बसते, डोक्यावरचा पदर कानामागे सारते आणि नळाच्या तोंडाला कान लावते.

“गप बसा गं जरा,” ती म्हणते. “बोलू द्या तिला.”

सगळ्या गप्प होतात. भांडणात नाव काढलेल्या दोघी-तिघी आहेत, त्यासुद्धा. नळ हुंऽऽ करतो. चांगुणाबाई डोळे मिटून ऐकते. मग पाण्याची पहिली गढूळ चूळ भस्सकन बाहेर पडते, तिचा कान भिजतो आणि पदराने तो पुसत ती निकाल सांगते. “आज लई लांबनं बोलली.” नाहीतर, “आज काय म्हनली न्हाय. रुसली जनू.”

आमच्या नळाला पाणी उजनी धरणाचं. उजनीच्या पाण्याखाली चांगुणाबाईचं गाव. आणि गाव उठलं त्या दिवसांत तिची थोरली बहीण, अक्का, सुटलेल्या म्हशीमागे माघारी गेली ती परत आलीच नाही. कुणी म्हणतं पाण्यात गेली, कुणी म्हणतं भलत्याच गावच्या ट्रकात बसून भलतीकडेच उतरली. एवढं गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नळापाशी कुणी हसत नाही. नवी सून हसायला लागली, तर तिची सासू तिला कोपराने ढोसते.

हसले होते ती मी. चाळीसेक वर्षांपूर्वी.

तेव्हा मी नुकतीच संगीत विशारद होऊन मुलींच्या शाळेत लागले होते. सोलापुरात सूर म्हणजे काय ते एकट्या मलाच कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. विशारदचं प्रमाणपत्र मी दारासमोरच्या भिंतीवर अशा बेताने टांगलं होतं, की ते वाचल्याशिवाय दूधवाल्याला दूध घालता येऊ नये. अशा या विदुषीच्या शेजारच्या खोलीत चांगुणाबाई येऊन राहिली. पहिल्याच पाण्याच्या दिवशी तिने नळाला कान लावला, नळाचा सूर उचलला आणि हंडा भरेपर्यंत ओवी म्हटली. मी खिडकीत पेटी घेऊन तपासलं. नळाची पट्टी काळी चार. बाई काळी चार. पेटी त्या दोघांपेक्षा जरा उतरलेली निघाली. त्या दिवशी मी पेटीवाल्याला फार बोलले.

आता बाहेरगावच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शहरात तुम्ही कुठल्याही लग्नाला जा, वरातीत चाला, ऑर्केस्ट्रा ऐका, नाहीतर एकादशीच्या भजनाला बसा. गाणं रंगात आलेलं असतं आणि मध्येच सगळं थांबतं. ढोल थांबतो, कीबोर्ड थांबतो, टाळ हवेत राहतात. मोजून चार मात्रा. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात गाणं पुढे सुरू होतं. या थांबण्याला आमच्याकडचे वाजवणारे ‘अक्का’ म्हणतात. “हितं अक्का घे.” “दोन कडव्यांनंतर अक्का सोड.” “मास्टर, अक्का चारची का आठची?” नव्या पोरांना वाटतं, तालात सम आणि खाली असते तशी अक्का असते. पुस्तकातलंच काहीतरी असणार.

पुस्तकात ती नाही. ती चांगुणाबाईने आणली.

त्याचं असं झालं. गल्लीतल्या एका लग्नात हळदीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, गावाकडची बाई आहे, म्हणू द्या की तिला. चांगुणाबाई पाटाशेजारी बसली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि म्हणाली,

“येशीच्या पल्याड कुनी लावियला दिवा,
कुनी लावियला दिवा…”

आणि थांबली. ढोलकीवाला बिचारा तीन थापा पुढे जाऊन परत आला. बायकांनी जागा भरायला “गं बाई, गं बाई” सुरू केलं, तर चांगुणाबाईने हात वर केला.

“तिला येऊ द्या की! घाई काय हाय?”

मांडव गप्प झाला. भरदुपार, वर ताडपत्री तापलेली, वाटीतली हळद जागच्या जागी सुकत चाललेली, आणि साठसत्तर माणसं कुणाची तरी वाट बघत बसलेली. कुणी आलं नाही. मग तिने पुढचा प्रश्न म्हटला. पुन्हा थांबली. सगळं गाणंच प्रश्नांचं होतं. उत्तर एकाही प्रश्नाला नव्हतं. त्यांच्या गावात हळदीची गाणी अशी दोघींनी म्हणायची असतात, एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. विचारणारी आमच्या मांडवात बसली होती. सांगणारी कुठे होती, ते तुम्हाला वर सांगितलंच.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. “चांगुणाबाई, तालाचं आवर्तन तुटतं तुमचं. हा दोष आहे.”

“व्हय बाई,” ती म्हणाली. “तुटलंय खरं.”

मी समजले, पटलं हिला. काय अक्कल होती माझी!

त्या मांडवामागे बँडवाले चहा पीत बसले होते. त्यांचे क्लॅरिनेटवाले इस्माईल मास्तर बशी हातात तशीच धरून उभे राहिले. “बाई, ऐसा रोकी की कलेजाच थमा देखो!” म्हणाले. “ये क्या चीज है? किसकी राह देखती तू?”

“अक्काची,” चांगुणाबाई म्हणाली.

मास्तरांना वाटलं, तालातल्या त्या जागेचं नाव सांगतेय. त्याच संध्याकाळच्या वरातीत त्यांनी अक्का घेतली. महिन्याभरात दुसऱ्या बँडने उचलली. मग ऑर्केस्ट्रावाले, मग भजनी मंडळं. विणकरांच्या वस्तीत तेलुगू गाण्यात अक्का शिरली, तेव्हा ते म्हणाले, शब्द आमचाच आहे. अक्कलकोटाकडचे म्हणाले, छे, कानडी आहे. थोरल्या बहिणीला तिन्ही भाषांत अक्काच म्हणतात, त्यामुळे भांडण मिटायला काही वाव राहिला नाही.

लहानपणापासून ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं. नवी पेठेतून भर बाराला वरात चाललेली असावी, स्पीकरच्या दणक्याने भांड्यांच्या दुकानातले डबे थरथरत असावेत आणि अक्का यावी. सगळी पेठ थांबते. रिक्षावाल्याचा हात हॉर्नवरून खाली येतो. बांगडीवाला तोंड उघडं ठेवून थांबतो. त्या चार मात्रांत आतल्या दुकानात कापड टर्रकन फाडल्याचा आवाज ऐकू येतो. आणि कडेवरची लहान पोरं, तुम्ही बघा कधीतरी, सगळी एकाच बाजूला माना वळवतात. नवरदेवाकडे नाही, घोड्याकडे नाही. रस्त्याच्या मोकळ्या तोंडाकडे, जिकडून कुणीच येत नसतं. माझ्या मैत्रिणीचे पुण्याचे व्याही एकदा लग्नाच्या पंगतीत माझ्या दंडाला धरून म्हणाले, “काय झालं? कोण गेलं?” मी म्हटलं, “कुणी नाही, अक्का आहे.” त्यांनी जेवण अर्धवट टाकलं.

चांगुणाबाई या सगळ्या लग्नांना जायची. आमंत्रण असो, नसो. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, तरी जाते. पहिल्या रांगेत कधी बसणार नाही. मधोमध बसते, बायकांच्या घोळक्यात, आणि अक्का आली की स्टेजकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत राहते. एकेक तोंड. कुंकवापासून हनुवटीपर्यंत. नव्या माणसाला घाम फुटतो. एका वरमाईने तर तक्रार केली होती, की ही म्हातारी माझे दात मोजते.

“काय बघता हो असं?” मी तेव्हा विचारलं होतं.

“येतीया का बगती,” ती म्हणाली.

मी अंगावरचा काटा पदराखाली झाकला आणि विषय बदलला. मला वाटलं, हिला अक्काचं भूत दिसायचं आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी फार बारकाईने चौकशी केली नाही.

आता माझ्या कर्तबगारीकडे येते. चुकीचं म्हणून मी जे आधी उडवून लावलं होतं, ते शहराने डोक्यावर घेतल्यावर माझी पंचाईत झाली. मग मी तत्त्वज्ञान काढलं. एका मंडळात ‘मौनाचा नाद’ या विषयावर पाऊण तास बोलले. श्रोते अकरा, त्यात आमचे हे आणि माझ्या दोन नणंदा. बोलून थांबले असते तर बरं होतं. पण शाळेतल्या मुलींना मी अक्का शिकवायला घेतली. अक्का आली की हाताची घडी, तोंडावर बोट. कुणाचा श्वास ऐकू आला, तरी छडी. वर्षाला दोन-तीनशे मुली माझ्या हाताखालून गेल्या. त्या मोठ्या झाल्या, लग्नाला जाऊ लागल्या, आपल्या पोरांना दटावू लागल्या. “शूऽऽ, अक्का आहे!” या शहराला गाणं कुणी शिकवलं ते माहीत नाही. गप्प बसायला मी शिकवलं.

माझ्या थोरल्या नणंदेची नात मुग्धा चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरी करते आणि रविवारी ऑर्केस्ट्रात गाते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मनात आलं, चांगुणाबाईची गाणी मोबाइलवर भरून ठेवावीत. एका रविवारी सकाळी आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. चांगुणाबाईने सुरुवात केली आणि पहिल्या प्रश्नानंतर सवयीने थांबली. मीही सवयीने तोंडावर बोट ठेवलं.

मुग्धाने रेकॉर्डिंग थांबवलं. “आजी, हे तुम्ही कायम म्हणता ना, तिला येऊ द्या. म्हणजे नक्की कुणाला?”

हा प्रश्न चाळीस वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता. इस्माईल मास्तरांनंतर कोणीच विचारला नव्हता.

“कुनीबी येऊ दे की,” चांगुणाबाई म्हणाली. “जिला अक्काचं म्हननं ठावं हाय ती.”

“म्हणजे? तुम्हाला नाही का येत पुढचं?”

“न्हाय की.”

“पण तुम्ही तर बरोबर म्हणायचात!”

चांगुणाबाई ओशाळली. तिला ओशाळलेली मी पहिल्यांदाच पाहिली. “मी इचारायची आन दम खायाला बसायची, पोरी. फुडचा सवाल आटवायची. कदी पानी प्यायची, कदी कुनाशी बोलायची. ती काय म्हनतीया त्ये ऐकलंच न्हाय कदी. म्हनलं हाय की ती. रोजचीच हाय. निम्मं माज्याकडं ऱ्हायलं, निम्मं तिच्यासंगं गेलं.”

मुग्धाने रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं.

“गाव उटलं तवा मानसं कुटं कुटं फेकली गेली,” चांगुणाबाई सांगत होती. “पर लग्नाला समदी येत्यात. आमच्याकडली एकादी तरी बाई ह्या शेरात आसंलच की. अक्काचं कानानं ऐकल्याली. म्हनलं, आपुन इचारून जागा रिकामी ठिवायची. तिला आटवंल, ती म्हनंल. जागा बगून म्हनंल.” मग ती माझ्याकडे बघून हसली. त्यात राग नव्हता, तेच फार अवघड होतं. “पर हितली मानसं लई शानी, बाई. जागा आली की समदी गपच! येकाचंबी तोंड हालत न्हाय. मी बगत बसती, बगत बसती.”

मी तोंडावरचं बोट काढलं. ते कुठे ठेवावं कळेना.

ते बोट बघता बघताच मला ते आठवलं. विसरले होते म्हणण्यापेक्षा, जपून ठेवावं असं त्यात काही आहे हे मला कळलंच नव्हतं.

शाळेचं स्नेहसंमेलन. माझ्या मुली हेच गाणं म्हणत होत्या. चांगुणाबाईला मी बोलावलं नव्हतं. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या होत्या, आणि पत्रिकेत ‘पारंपरिक लोकगीत, दिग्दर्शन’ असं छापून पुढे माझं नाव घातलं होतं, पदवीसकट. कुनी लावियला दिवा, कुनी लावियला दिवा… अक्का आली. पन्नास मुलींची पन्नास बोटं ओठांवर. आणि मागून, अगदी मागच्या भिंतीकडून, एक आवाज आला. खरखरीत, उंच, भुईतून फुटल्यासारखा.

“दिवा न्हवं गं बाई, ती…”

एवढंच. कारण तेवढ्यात मी गर्रकन वळून डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि शिपायाला खूण केली. आवाज तिथेच तुटला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मात्रा चुकली, तिला मी नंतर कोपऱ्यात उभं केलं. शिस्तीबद्दल पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. शिपाई नंतर म्हणाला, “बाई, मागं कुनीच नव्हतं की. नुसत्या रचून ठेवलेल्या खुर्च्या हुत्या.” मी म्हटलं, “मग तुझं लक्ष नव्हतं.” आणि हार घालून घ्यायला गेले.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी चांगुणाबाईकडे गेले. मे महिना. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ती सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. पत्रिका, पदवी, बोट, शिपायाला केलेली खूण. खुर्च्यांचं तेवढं सांगितलं नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.

ती मान खाली घालून निवडत राहिली. खडे एका बाजूला, ज्वारी एका बाजूला. मला वाटलं, आता हिने मला सुपाने झोडपलं तरी चालेल.

“म्हनून दाव,” ती म्हणाली.

चाळीस वर्षं ती मला ‘तुमी’ म्हणत आली होती.

मी घसा साफ केला. म्हटलं, “दिवा न्हवं गं बाई, ती…”

“आसं न्हवं. सुरात नगं म्हनू. ती म्हनली तसं म्हन.”

मी पुन्हा म्हटलं. तिने मान हलवली. “तुजी विशारद काडून ठेव बाजूला. उंबऱ्यावर हुबी ऱ्हाऊन शेजारनीला सांगतीया, आसं म्हन.”

मी डोळे मिटले. ती मागची भिंत आठवली. पेटी नाही, मात्रा नाही, काही मोजलं नाही. आणि तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून जो आवाज आला, तो माझा नव्हता, शपथेवर सांगते. खरखरीत होता. उंच होता. खोलीतल्या पितळी तांब्याने तो क्षणभर धरून ठेवला. मी डोळे उघडायला घाबरले.

सुपाचा आवाज थांबला होता.

“फुडं?” चांगुणाबाई म्हणाली. फार हळू.

“पुढचं मी येऊ दिलं नाही.”

“ती… ती म्हंजी काय?”

“माहीत नाही हो. नथ असेल. नवरीची नथ चमकली असेल लांबून.”

“आसंल.” ती दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिली. “चांदनी आसंल. न्हायतर मानूस आसंल कोन.”

मग तिने विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

“दिसाया कशी हुती बाई ती? वयानं?”

याच प्रश्नाला मी रात्रभर भीत होते. “मी बघितलं नाही, चांगुणाबाई. वळले होते, पण बघितलं शिपायाकडे. तिच्याकडे नाही.”

मला वाटलं, आता ती रडेल. मीच रडायच्या बेतात होते, आणि माझं रडणं फार वाईट असतं, हुंदक्यालासुद्धा ताल नसतो.

चांगुणाबाईने सूप बाजूला ठेवलं. हाताला लागलेली धूळ लुगड्याला पुसली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “बगितलं आसतंस तर म्हनाली आसतीस, कोन तरी दुसरीच हुती. आता अक्काबी आसंल.”

मग ती माझ्याजवळ सरकली, मांडी घालून नीट बसली, डोक्यावरचा पदर कानामागे घेतला आणि म्हणाली,

“परत म्हन.”